झुरळांचा स्प्रे आणि फुप्फुसातली गुठळी

ओट्याखाली झुरळांचा स्प्रे मारला, दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने आत गेलं की घसा खवखवतो, ठसका लागतो, छाती भरून आल्यासारखी वाटते. असं झाल्यावर दोन-चार दिवसांत घरातल्या कुणाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली, तर पहिला संशय त्या डब्यावर जाणारच.

पण फुप्फुसात अडकलेली गुठळी बहुतेक वेळा तिथे तयार झालेलीच नसते. ती धरते पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत. तिथून सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत रुतून बसते. ती धरण्यामागची तीन कारणं आजही रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याच्या नावाने शिकवली जातात: रक्त एका जागी साचणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. म्हणून मोठी शस्त्रक्रिया, पायाचं प्लास्टर, कर्करोग, गर्भारपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, तासन् तास बसून केलेला प्रवास यांची चौकशी डॉक्टर आधी करतात.

आता डब्याकडे येऊ. घरगुती स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं रसायन असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या द्रव्यांच्या धर्तीवर ते बनवलेलं आहे. किड्याच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा ते उघड्याच ठेवतं, म्हणून झुरळ उताणं पडून पाय झाडतं. आपलं शरीर ते झपाट्याने मोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. श्वासनलिका मात्र चिडते, दमेकऱ्याला तर जोराची धाप लागू शकते. रक्त गोठवणं हे काही या रसायनाचं ओळखीचं काम नाही. उंदरांच्या औषधाची गोष्ट तर उलटीच. त्यातली बरीच औषधं रक्त गोठूच देत नाहीत, आणि त्यांच्यातलंच वॉरफरिन 1954 पासून माणसांना गुठळीवर दिलं जातं.

डासांच्या कॉइलला मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असं मोजलं गेलं. असे कण वर्षानुवर्षं छातीत जाणं हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना घातकच. दारं-खिडक्या बंद करून रात्रभर कॉइल लावू नये, ते याचसाठी.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. दम लागतो, घरचे म्हणतात, ‘स्प्रेचा त्रास असेल, पड जरा,’ आणि गुठळीचा माणूस घरातच पडून राहतो. स्प्रेचा त्रास काही मिनिटांत सुरू होतो, डोळे चुरचुरतात, आणि मोकळ्या हवेत आलं की सहसा उतार पडतो. गुठळीचा दम अचानक लागतो आणि खिडकी उघडून हटत नाही. खोल श्वास घेताच बरगडीत कळ येते, छाती धडधडते, कधी थुंकीत रक्त दिसतं, कधी एकच पाय सुजतो. यातलं काहीही दिसलं, किंवा साधी धापही कमी होईना, तर तडक रुग्णालय गाठावं. तिथे स्प्रेबद्दल सांगावंच, पण गेल्या महिन्यातलं ऑपरेशन आणि रोजच्या गोळ्याही सांगाव्यात.

गुठळीची शंका आली की डॉक्टर टेपने दोन्ही पोटऱ्या मोजतात, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली. सुजलेली पोटरी दुसरीपेक्षा 3 सेंटीमीटरहून जास्त भरली तर संशय बळावतो. मग डी-डायमरची (गुठळी विरघळताना रक्तात येणारे अंश मोजणारी) रक्ततपासणी किंवा थेट फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन, आणि गुठळी दिसली की रक्त पातळ ठेवणारी औषधं.