शेल्टरमधून दांडगा, तरुण कुत्रा घरी आणताना

दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड शेल्टरमधून घरी आला, की आठवड्याभरात आम्हाला फोन येतो. "अंगावर उड्या मारतो, पट्टा ओढून खांदा दुखवलाय, चपला फाडतो. दमावा म्हणून रोज पाच किलोमीटर पळवू का?"

नुसतं पळवू नका. त्याने त्याचा दम वाढतो. शांत बसणं त्याला वेगळं शिकवावं लागतं.

साधारण 8 महिने ते 2 वर्षं हे कुत्र्याचं अडनिडं वय. अंग तीस किलोचं, पण स्वतःला आवरण्याची समज कच्ची. गोंडस पिल्लू म्हणून आणलेले कितीतरी कुत्रे याच वयात सोडून दिले जातात. त्यातल्या एकाला तुम्ही घर देताय, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

पहिले काही दिवस पाहुणे नकोत, आंघोळीची घाई नको. एक कोपरा, चटई आणि पाणी पुरे. सुरुवातीला तो गप्प राहील, कदाचित नीट जेवणारही नाही. खरा दंगा अनेकदा दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. तेव्हा "बिघडला" असं वाटतं, पण बऱ्याचदा तो आता कुठे मोकळा होत असतो.

ओढण्यावर चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) हा उपाय नव्हे, त्याने गळ्याला इजा होते. छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा) आणि हातात धरायला सहा फुटी पट्टा घ्या. पट्टा ताणला की थांबा, सैल झाला की चाला. गेटपासून कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागतील, लागू द्या. वाटेत मनसोक्त हुंगू द्या, हुंगण्याने त्याचं डोकं दमतं. घरी अर्धं जेवण जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला शोधायला लावा.

उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की लाड करा. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. आजोबांनी एकदा जरी "असू दे, लाडात आलाय" म्हटलं, तर तो आणखी महिनाभर उड्या मारून बघेल.

शिकवणी एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे द्या. मनुका, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट कधीच नाही.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत उरका. हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पायही पोळतील. रेबीजची आणि पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस, तसंच गोचीडांचं औषध डॉक्टरांना विचारून द्या.

सोसायटीत कुरकुर झाली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. शी उचलायची पिशवी मात्र रोज खिशात हवी.

तो गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, ती दाबली तर पुढच्या वेळी तो थेट चावेल. लांब व्हा आणि आम्हाला कळवा.

पहिल्या भेटीला आम्ही घरी येतो. त्या वेळी घरातली सगळी माणसं हजर असावीत, स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा.