हेक्युबा कोणी करायची?

'ट्रोजन विमेन' हे प्राचीन ग्रीक नाटक वाचायला घेतलं की पहिल्या वाचनाला हमखास कोणीतरी म्हणतंच, अरे पण यात घडतं काय? बरोबरच आहे. ट्रॉयचं युद्ध संपलंय, ग्रीक जिंकलेत, ट्रॉयचे पुरुष सगळे मेलेत, शहर जळतंय आणि बायका छावणीत बसून वाट बघतायत की आपण कुणाच्या वाट्याला जाणार. राजकन्या कसांड्रा ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याच्याकडे, तिची वहिनी अँड्रोमाकी ग्रीक वीर अकिलीसच्या पोराकडे, आणि कसांड्राची आई, म्हातारी राणी हेक्युबा, ग्रीकांच्याच ओडिसियसकडे, ज्याचा तिला सगळ्यात जास्त तिटकारा. दूत येतो, एकेकीचं नाव घेतो, घेऊन जातो. बस, एवढंच नाटक, आणि हे एवढंच गेली 2400 वर्षं पुन्हा पुन्हा उभं राहतंय.

युरिपिडीस या नाटककाराने ते अथेन्समध्ये इ.स.पू. 415 च्या वसंतातल्या नाट्यउत्सवात केलं. त्याच्या थोडं आधी, 416-415 च्या हिवाळ्यात, अथेन्सच्या सैन्याने मेलोस नावाचं छोटं बेट वेढा घालून घेतलं होतं, पुरुष मारले, बायका-पोरं गुलाम म्हणून विकली. आता त्याने नाटक मेलोसवरच लिहिलं का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, मधला काळ फारच कमी आहे, उत्सवाची नाटकं आधीच ठरलेली असायची वगैरे. मला हा वाद थोडा बिनकामाचा वाटतो, कारण लिहिताना त्याच्या डोक्यात काहीही असो, बघायला बसलेल्यांना मेलोस माहीत होतं, त्यांच्यातले काही तर तिथे लढून आलेले असणार. उत्सवातल्या स्पर्धेत युरिपिडीसला दुसरा नंबर मिळाला. आणि त्याच उन्हाळ्यात अथेन्सचं आरमार सिसिलीच्या मोहिमेवर निघालं, म्हणजे नाटक बघून कोणी शहाणं झालं असं काही झालं नाही.

आणि हे सगळं करत होते पुरुष. हेक्युबा पुरुष, अँड्रोमाकी पुरुष, कोरसमधल्या बंदिवान बायकाही पुरुष, सगळे मुखवटे लावून. बालगंधर्वांची परंपरा असलेल्या आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही, पण इथे शत्रूच्या विधवांचं दुःख जिंकणाऱ्या शहरातले नागरिक आपल्या अंगावर घेत होते, आणि ते आजही विचित्र वाटतं. चालायचं मात्र. प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने एक किस्सा दिलाय, फेरे गावचा अलेक्झांडर म्हणून एक जुलमी राजा होता (आपला सिकंदर नव्हे), तो हे नाटक चालू असताना मधूनच उठून गेला आणि नटाला निरोप धाडला की तुझं काम वाईट म्हणून नाही उठलो, ज्याने इतकी माणसं मारली आणि कुणाची दया केली नाही तो हेक्युबासाठी रडताना लोकांनी बघितला तर लाज जाईल.

करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हेक्युबा ही भूमिका अंगावर येणारी आहे. सुरुवातीला ती जमिनीवर पडलेली असते, देव येऊन बोलून जातात तरी ती तशीच, आणि मग उठते ती जवळजवळ शेवटपर्यंत स्टेजवरच, विंगेत जाऊन पाणी प्यायची सोय नाही. सगळ्यात अवघड जागा म्हणजे नातवाचं प्रेत. अँड्रोमाकीच्या लहान पोराला ग्रीकांनी तटावरून खाली टाकलेलं असतं, आईला जहाजातून नेलेलं, म्हणून प्रेत आजीकडे येतं, बापाच्या म्हणजे हेक्युबाचा मेलेला मुलगा हेक्टर याच्या ढालीवर. आणणारा दूत शत्रूचाच, पण सांगतो की वाटेत नदी लागली तिथे मीच जखमा धुतल्या. आणि हेक्युबा प्रेत सजवताना त्या ढालीकडे बघते, मुठीपाशी हेक्टरच्या हाताचा ठसा, कडेला त्याच्या घामाचा डाग. इथे जी नटी रडायला लागते तिचं काम संपलं, कारण संहिता तिला रडायला नाही, कामाला लावते. स्त्रीपर्वातली गांधारी आठवेल कुणाला, पण गांधारीकडे शाप आहे, हेक्युबाकडे तोही नाही.

आधुनिक काळात हे नाटक जागं झालं तेही युद्धांमुळेच. 1905 मध्ये लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये गिल्बर्ट मरीच्या इंग्रजी अनुवादाचा प्रयोग झाला. मरी हा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या (ब्रिटिश विरुद्ध तिथले डच वंशाचे बोअर) विरोधातला माणूस, आणि त्या युद्धात ब्रिटिशांच्या छावण्यांमध्ये बोअर लोकांची सुमारे 26 हजार बायका-मुलं मेली होती, काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या, त्यातही हजारो गेले. मग 1915 ला महायुद्ध चालू असताना तोच अनुवाद घेऊन शिकागोच्या एका छोट्या नाटकमंडळीने अमेरिकेत दौरा केला, मागे विमेन्स पीस पार्टी ही बायकांची युद्धविरोधी संघटना होती. 1965 मध्ये फ्रेंच लेखक सार्त्रचं रूपांतर आलं, फ्रान्सने अल्जीरियात लढलेल्या युद्धाची जखम ताजी होती. 1971 चा सिनेमा मायकेल काकोयानिसने स्पेनमध्ये शूट केला कारण ग्रीसमध्ये तेव्हा लष्करशाही! 1974 ला तोक्योत तादाशी सुझुकीने तर गोष्ट युद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्येच नेली, एक म्हातारी बाई स्वतःला हेक्युबा समजते, काम कायोको शिराइशीचं.

या सगळ्यात सोसणारी बाई मात्र दुसरीकडेच असायची, तिचं काम करायला ट्रेन झालेली नटी. ते 2013 मध्ये अम्मानला बदललं. सीरियातून जॉर्डनमध्ये पळून आलेल्या, कधीच स्टेजवर न गेलेल्या बायकांना घेऊन ओमर अबू सादाने हे नाटक बसवलं, संहितेचे तुकडे आणि त्यांच्या स्वतःच्या हकिगती एकमेकांत घालून. तालमीत सुरुवातीला होत्या त्यातल्या बऱ्याच गळाल्या, घरच्यांचा विरोध, चेहरा दिसला तर मागे सीरियात राहिलेल्यांचं काय होईल ही भीती. उरलेल्यांनी केलं. यास्मिन फेद्दाची 'क्वीन्स ऑफ सीरिया' ही डॉक्युमेंटरी त्याच तालमींवर आहे, मिळाली तर बघाच, त्यात या बायका हेक्युबाबद्दल ज्या सहजतेने बोलतात, घर गेलं, मान गेला, माणसं गेली, ते ऐकून कॅरेक्टर अ‍ॅनालिसिस वगैरे शब्द फार पोकळ वाटतात.

काही लोकांचा यावर आक्षेपही असतो, की ज्यांनी भोगलं त्यांनाच पुन्हा स्टेजवर उभं करून रोज तेच बोलायला लावणं बरोबर का. आक्षेप खोटा नाही, पण तो घेणारे बहुतेक प्रेक्षकातले असतात. 2014 मध्ये या सीरियन बायकांना अमेरिकेत प्रयोगाला बोलावलं होतं तर व्हिसा नाकारला, मग वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीतल्या प्रेक्षकांशी अम्मानहून व्हिडिओवर बोलल्या. 2016 मध्ये ब्रिटनचा दौरा झाला, लंडनसकट.