चोक काढला म्हणजे सिलिंडर झाला? अजिबात नाही!

शॉटगनवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतंय की चोक ट्यूब (नळीच्या तोंडात आट्यांवर बसणारी, छर्‍यांचा फैलाव ठरवणारी छोटी नळी) काढून फायर केलं तरी चालतं, सिलिंडरसारखाच, म्हणजे अजिबात न आवळणाऱ्या चोकसारखाच पॅटर्न (छर्‍यांचा फैलाव) मिळतो. नाही हो, प्लीज असं करू नका! अशा बंदुकीत सिलिंडर चोकसुद्धा ट्यूबच असते, ती नसली की नळीच्या तोंडाचे आटे उघडे पडतात, त्यात कार्बन, शिसं, वॅडचं (काडतुसात छर्‍यांमागे असणाऱ्या बुचाचं) प्लॅस्टिक बसतं आणि मग ट्यूब नीट बसतच नाही. अर्धवट बसलेली ट्यूब तर अजून वाईट, तिच्या मागच्या कडेत वॅड अडकला तर नळी फुगते.

ट्यूब बदलताना आधी बंदूक उघडून चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, मगच तोंडाकडे हात. आटे पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या, चावीने बेताचंच आवळा, पक्कड नको. ट्रॅपच्या (उडत्या मातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या) प्रत्येक 25 तबकड्यांच्या राउंडनंतर बंदूक रिकामी करून ट्यूब परत तपासा, फायरिंगने सैल होते ती.