किस्सा रंगला, पण दृष्टांत झाला का?

भाषणात गोष्ट सांगा, असं सगळेच सांगतात. कोणती गोष्ट, हे फारसं कोणी सांगत नाही. किस्सा आणि दृष्टांत ही दोन्ही गोष्टच, पण त्यांची कामं वेगळी.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे स्वतःवर ओढवून घेतलं. विषय होता पाण्याची टाकी. 'सगळ्यांनी मिळून बघू' म्हणत वर्षभर ती कोणी धुतली नव्हती. मी उठलो आणि गणपतीतल्या आरतीची हकीकत सांगितली. पेढ्यांचे पाच पुडे आले, काडेपेटी एकही नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅसचा लायटर घेऊन धावत आल्या, काकांनी त्याने निरांजन लावायचा प्रयत्न केला, ते काही पेटेना... लोक पोट धरून हसले. त्यानंतर अर्धा तास चर्चा चालली ती कुठल्या दुकानाचे पेढे चांगले याची. टाकी राहिली बाजूला.

हा झाला किस्सा. तो स्वतःच्या मजेसाठी उभा असतो. त्यातले लायटर, काकू, पेढे जितके जास्त तितका तो रंगतो.

पुढच्या सभेत तीच हकीकत पुन्हा सांगितली, पण कापून. पेढे काढले, काकू काढल्या. आधी म्हटलं, "जे काम सगळ्यांचं, ते कोणाचंच नसतं." मग आरतीला उभी असलेली वीस माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "मला वाटलं, तू आणशील." लगेच पुढे, "आपली टाकी म्हणजे तीच काडेपेटी. कोणाच्या नावावर लिहायची?" या वेळी हसू कमीच आलं. पण एकाने नाव दिलं.

ही मांडणी माझी नव्हे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत त्याच पंथातल्या केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात मांडले, ते 114 आहेत. प्रत्येकाची घडण तीन पायांची: आधी सूत्र, म्हणजे मुद्द्याचं वाक्य, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट विषयाला कशी लागू होते ते. त्यातला जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आठवा. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा, कान लागला त्याला सुपासारखा. हत्ती कोणाचा, माहूत कोण, आंधळ्यांची नावं काय, याचा पत्ता नाही, कारण सूत्राला त्याची गरज नाही. किस्सा सांगणाऱ्याने माहुताला निदान एक तरी संवाद दिला असता!

नारदीय कीर्तनकारही पूर्वरंगात मूळ पदाचं निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि शेवटी त्याच पदावर परत येतो. आख्यान कितीही रंगलं तरी परतीची वाट ठरलेली असते.

नवख्या वक्त्यांचं बहुतेक वेळा दार्ष्टांतिकातच चुकतं. काही जण ते गाळतात आणि श्रोता पेढ्यांत अडकतो. काही जण उलट टोकाला जाऊन 'यातून आपल्याला काय शिकायला मिळतं?' अशी शाळा भरवतात. एक वाक्य पुरतं, त्यात गोष्टीतली एखादी वस्तू विषयाला चिकटवायची. मी काडेपेटी चिकटवली.

म्हणून किस्सा कमअस्सल ठरत नाही. निवृत्तीच्या समारंभात, लग्नाच्या पंगतीत दृष्टांत देणाऱ्याला लोक टाळतात. तिथे काकूंचा लायटरच हवा. भाषणाच्या सुरुवातीला सभा सैल करायलाही किस्सा उत्तम, फक्त मुद्द्याचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवू नये. कोणती हकीकत कशाच्या कामाची, हे ओळखायला मी एक उपाय करतो: विषयाचं वाक्य आधी कागदावर लिहितो आणि हकीकतीतला एकेक तपशील काढून बघतो. काढल्यावर वाक्य लंगडत असेल तरच तो ठेवायचा.

टाकी धुऊन झाली. यंदा आरतीला चार काडेपेट्या आल्या, कापूर मात्र कोणीच आणला नव्हता.