पहिल्या पावसाचा वास, पण माशात

व्हिएतनामच्या दक्षिणेला, कंबोडियाच्या सीमेलगत, मेकाँगचा फाटा असलेल्या हाउ नदीच्या काठी चाउ डॉक हे शहर आहे. तिथल्या बाजारात 'का लॉक' नावाचा मासा जिवंत विकतात, तोही जेमतेम अंग भिजेल एवढ्या पाण्यात. तरी तो तासन्‌तास टिकतो. हा मासा आपल्याला परका नाही, ही आपली मरळच. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी पोकळी असते. भरपूर पाण्यातही तिला अधूनमधून वर येऊन श्वास घ्यावा लागतो. जाळ्यात खाली अडकून पडली तर मरळ चक्क बुडून मरते! तळं आटलं की चिखलात रुतून ती पावसाची वाट बघते.

चाउ डॉकचा लाडका नाश्ता 'बुन का', म्हणजे माशाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया, याच मरळीवर उभा आहे. अडचण एकच. चिखलात राहणाऱ्या माशाला चिखलाचा वास येतो.

हा वास खुद्द मातीचा नसतो. मातीतले आणि पाण्यातले काही जीवाणू जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात. ते कल्ल्यांतून, कातडीतून माशात शिरतं आणि चरबीत साठून राहतं. गंमत अशी, की पहिला पाऊस पडल्यावर येणाऱ्या मृद्गंधातही हेच जिओस्मिन असतं. आपलं नाक याबाबतीत विलक्षण तिखट आहे. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. अंगणात आलं तर कविता सुचते, ताटात आलं तर मासा बाजूला सरकवतो.

बुन का करणाऱ्या बायकांनी यावर शोधलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. मासा उकडताना त्या गवती चहा, हळद आणि 'न्गाय बुन' घालतात. न्गाय बुन ही आल्याच्या कुळातली, बोटांसारख्या मुळांची वनस्पती. हे सगळे वास इतके ठसठशीत की जिओस्मिन त्यांच्यामागे दडतं. वरून लिंबू पिळतात. तीव्र आम्लात जिओस्मिनचा रेणू मोडून बिनवासाचा होतो खरा, पण वाडग्यातल्या लिंबाकडून तेवढी अपेक्षा नको. इथे जास्त काम मसाल्याचंच.

उकडलेल्या माशाचे काटे काढून तुकडे हळदीसोबत तेलात परततात. तेलातच का? हळदीला पिवळेपणा देणारं कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून रश्शावर सोनेरी तवंग येतो. लिंबू पिळलं तरी तो पिवळाच राहतो. हाच रस्सा सदऱ्यावर सांडला आणि साबण लावला, तर डाग लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी न ठरवता केलेला असतो.

रश्शाची खरी खोली मात्र 'माम'मधून येते. माम म्हणजे मिठात महिनोन्‌महिने मुरवलेले छोटे मासे. चाउ डॉक त्यासाठीच प्रसिद्ध आहे. एवढ्या मिठात कुजवणारे जीवाणू तग धरत नाहीत, पण माशांमधली विकरं प्रथिनं तोडत राहतात आणि ग्लुटामेट हा चवदार घटक मोकळा होतो. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली जपानमध्ये समुद्री शेवाळातून वेगळं काढलं, तेच हे 'उमामी', म्हणजे मांसाच्या रश्शासारख्या भरीव चवीचं ग्लुटामेट. माशाच्या मांसात इनोसिनेट नावाचं उमामी चवीचंच दुसरं रसायन असतं. ही दोन्ही एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते. जुना खारवलेला मासा आणि ताजी मरळ एकाच पातेल्यात पडतात ते उगाच नाही. ही रीत मूळची ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांची. कंबोडियात आजही याच धर्तीचा माशाचा रस्सा आणि शेवया सकाळी खातात.

शेवयांचं तंत्र कोकणातल्या शिरवाळ्यांच्या जवळचं आहे, फक्त इथे पातळसर पीठ साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पडतं आणि शेवया लगेच गार पाण्यात काढतात. गार झाल्यावर पिठूळ स्टार्च घट्ट होतो, म्हणून त्या चिकटत नाहीत.

शेवटी वाडग्यात पडतात पिवळी फुलं, 'डिएन डिएन'. ही शेवरीची फुलं; आपल्या पानमळ्यांत वेलींना आधार म्हणून लावतात ती शेवरी. मेकाँगला पूर आला की ती काठाकाठाने फुलते. पण वरच्या अंगाची धरणं आणि कोरडी वर्षं यांमुळे अलीकडे पूर कधी उशिरा येतो, कधी खुजाच राहतो. म्हणून शेतकरी आता शेवरी मुद्दाम लावतात आणि तिची फुलं बाजारात पुराविनाही मिळतात.