आत सुती, वर लोकर: खान्देशी हिवाळी पेहरावाची पार्श्वभूमी

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं. उत्तरेचे वारे सुटले की इथे पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो, धुळ्यात एखाद्या वर्षी पाच-सहापर्यंत. दुपारी मात्र ऊन चटके देतं. अशा दिवसाला एकच जाड कोट कामाचा नाही. एकावर एक कपडे चढवायचे आणि ऊन वाढेल तसे उतरवायचे, ही रीत इथे म्हणूनच रुजली. कॉलेजातली मुलं आज टी-शर्टवर उघडा शर्ट, त्यावर डेनिमचं जॅकेट घालतात, तेही याच हवेमुळे शोभतं.

पूर्वी अंगालगत सुती बंडी, तिच्यावर सदरा, डोक्याला मुंडासं आणि सगळ्यांवर घोंगडी. कापूस तर घरच्या काळ्या रानातला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीने त्याला परदेशात मोठा भाव आणला, पुढे जळगाव-अमळनेरला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. घोंगडीची लोकर मेंढपाळांची. रात्रीची वीज आली की गहू-हरभऱ्याला पाणी भरायला जाणाऱ्याला तिची किंमत विचारा: सुती कापड दवाने ओलं झालं की अंग गारठतं, लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. ऊब खरं तर दोन कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेची असते. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून टाके घातलेली गोधडी त्याच कारणाने उबदार लागते. बायकांना मात्र पहाटेच्या कामाला बहुधा लुगड्याचा पदरच डोक्यावरून घट्ट ओढून घ्यावा लागे, आणि पेहरावाच्या कौतुकात ही गोष्ट विसरली जाते याचं वाईट वाटतं.

नीटनेटकेपणाची हौस खादीच्या काळात वाढली. १९३६ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. सदऱ्यावर बिनबाह्यांचं जाकीट, खांद्यावर शाल हा कार्यकर्त्यांचा वेश लग्नकार्यातही मानाचा झाला, आणि माझ्या मते आजही त्याइतकं देखणं दुसरं काही नाही. छाती झाकलेली, हात मोकळे.

विणलेल्या स्वेटरची चलती नंतरची. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी थंडीत शहरोशहरी गरम कपडे विकण्याचा धंदा धरला, आणि त्यांच्या दुकानांतून लुधियानाचा रंगीबेरंगी माल आपल्याकडेही पोचला. बंडीची जागा टी-शर्टने घेतली, सदऱ्यावर स्वेटर आला, मुंडाशाऐवजी मफलर. रात्री पाणी भरायला निघालेला तरुण हुडी घालतो, पण खांद्यावर घोंगडी घेतोच.