व्हॅलोरंट, सीएस २ नवीन चालू केलंय? मग काउंटरवरून हा कागद घेऊन जा

राम राम मंडळी. आपल्या कॅफेत जे पहिल्यांदाच व्हॅलोरंट किंवा सीएस (काउंटर-स्ट्राइक) असे पाच विरुद्ध पाचवाले शूटर गेम खेळायला बसतात त्यांच्यासाठी हे लिहिलंय. जळगावची पोरं येतात, भुसावळ-अमळनेरहून येतात, बहुतेक सगळी मोबाईलवर बीजीएमआय खेळून आलेली, नजर तयार असते बोटं पण तयार असतात, पण माऊस-कीबोर्डवर पहिल्या आठ दिवसात इतक्या वेळा मरतात की अर्धी पोरं परत मोबाईल धरतात. आम्हाला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण मागे उभं राहून रोज बघतो ना, चुका तीन-चारच असतात आणि सगळ्यांच्या त्याच असतात. नवीन माऊस घेऊन त्या जात नाहीत, सांगितल्यावर जातात.

पहिली चूक, पळता पळता फायर. मोबाईलवर ते खपून जातं, इथे नाही. व्हॅलोरंट असो नाहीतर सीएस, पळताना मारलेली गोळी क्रॉसहेअरवर (स्क्रीनच्या मधली नेमाची खूण) जातच नाही, कुठेही जाते, आणि पोरगं म्हणतं भो मी तर बरोबर त्याच्यावरच मारलं होतं. मारलं होतं रे, पण पाय चालू होते. समजा डी दाबून उजवीकडे चाललाय आणि माणूस दिसला, तर डी सोडा, क्षणभर ए ला टच करा, पाय जागेवर थांबतात, मग क्लिक. सीएसमध्ये हे उलटं बटण फार कामाचं आहे, व्हॅलोरंटमध्ये नुसतं बटण सोडलं तरी बऱ्यापैकी लवकर थांबतो. पहिले चार दिवस बाकी काही शिकू नका, एवढंच करा.

दुसरी चूक आम्हाला सगळ्यात जास्त दिसते. पोरगं एसेंट या व्हॅलोरंटच्या मॅपवर ए मेन नावाच्या वाटेनं चाललेलं असतं आणि क्रॉसहेअर कुठे, तर फरशीवर, जसं काही पाच रुपयांचं नाणं पडलंय ते शोधतंय. समोरून माणूस आला की आधी माऊस वर ओढायचा, मग बाजूला न्यायचा, मग क्लिक, तोवर समोरच्याने एकच गोळी मारून काम संपवलेलं असतं. म्हणून चालताना क्रॉसहेअर कायम डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि माणूस जिथून निघू शकतो त्या कोपऱ्याच्या जरा बाहेर धरा, कोपऱ्याला चिकटवून नाही. असं का ते हिशोबानं बघा. फुल शील्ड घेतलेल्या माणसाची १०० हेल्थ आणि ५० शील्ड, एकूण १५०. व्हॅन्डल या रायफलची डोक्यातली गोळी १६० ची, म्हणजे एकीत खेळ खलास, कितीही लांबून असो. तीच गोळी छातीत मारली तर ४० ची, म्हणजे चार लागतात. सीएसमधली एके ४७ पण तशीच, हेल्मेट असलं तरी डोक्यात एक पुरे. ज्याचा क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या रेषेत आहे त्याला फक्त बाजूला हलवायचं असतं, अर्धं काम झालेलं असतं. ज्याला तुम्ही फास्ट एम (झटपट नेम) म्हणता ना तो बऱ्याचदा एवढाच असतो.

सेन्सिटिव्हिटीबद्दल, म्हणजे माऊस हलवला की नजर किती फिरते त्याबद्दल, रोज कोणीतरी विचारतं. आपल्याकडचे सगळे माऊस ८०० डीपीआयवर (माऊसचं स्वतःचं वेगाचं माप) लावून ठेवलेत. व्हॅलोरंटमध्ये ०.३५ पासून सुरू करा, सीएसवाल्यांनी १.१ ठेवा (सीएसचा आकडा ३.१८ ने भागला की व्हॅलोरंटचा मिळतो, घरी दोन्ही खेळत असाल तर कामाला येईल). ०.३५ वर पूर्ण गोल फिरायला माऊस साधारण ४७ सेंटीमीटर सरकवावा लागतो, म्हणजे आपल्या जुन्या मापानं हातभर, म्हणून नुसतं मनगट नाही तर कोपरापासून हात हलला पाहिजे आणि त्यासाठीच आम्ही मोठे पॅड टाकलेत, कीबोर्ड तिरका करून जागा करून घ्या. पहिले दोन दिवस फार हळू वाटेल, वाटू द्या. पंधरा दिवस आकडा बदलायचा नाही, कोणी कितीही मोठ्या प्लेअरची सेटिंग दाखवली तरी. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की कूलर असून पण तळहाताला घाम येतो, माऊस सटकतो, रुमाल सोबत आणा.

आता बोलणं. हे जरा नीट वाचा, कारण नवीन टीम एमपेक्षा याच्यामुळे जास्त हरते असं आमचं ठाम मत आहे. पाच मित्र शेजारी शेजारी बसलेले असतात, एक जण ओरडतो, "तठे शे, तठे शे!" आणि बाकी चौघं आपापल्या स्क्रीनवर तठे म्हणजे कठे ते शोधत बसतात, तोवर अजून दोन मेले. अहिराणीत बोला, बिनधास्त बोला, कानाला गोड लागतं आणि समोरच्या टीमला कळत पण नाही, फक्त जागेचं नाव मॅपवर असतं तेच घ्या. कुठे, किती, आणि कोणाला किती लागलंय, या तीन गोष्टी, या क्रमानं. "ए मेन, दोन शेत, जेटला ८० लागेल शे." (जेट म्हणजे गेममधलं एक पात्र.) संपलं. मेल्यावर आधी हे सांगायचं आणि मग गप्प बसायचं, कसा मेलो आणि का मेलो ते राउंड संपल्यावर. शेवटचा एकच जण जिवंत असेल तर चौघांनी तोंडावर बोट, कारण त्याला समोरच्याच्या पायांचा आवाज ऐकायचा असतो. त्याच आवाजासाठी हेडफोन दोन्ही कानांवर घ्या आणि दबकत जायचं असेल तर शिफ्ट दाबून चाला. अनोळखी टीममेट शिव्या द्यायला लागला तर उत्तर देऊ नका, म्यूट करा आणि पुढे खेळा. आपल्या कॅफेत पण शिवीगाळ चालत नाही, संध्याकाळी लहान पोरं असतात, मुली खेळायला येतात.

एकटं घुसू नका. दोघं दोघं जा, दोन-तीन पावलांच्या अंतरानं, म्हणजे पुढचा मेला तर मागच्याने लगेच बदला घेतला पाहिजे, मारणाऱ्याला लपायला वेळ मिळता कामा नये.

पैशाचं गणित शेतकऱ्याच्या पोराला लवकर कळतं असा आमचा अनुभव आहे. पहिल्या पेरणीलाच सगळं बी टाकून दिलं तर दुबार पेरणी आली की काय टाकणार? व्हॅलोरंटमध्ये सुरुवातीला ८०० क्रेडिट मिळतात, राउंड जिंकला तर ३०००, हरला तर १९००, लागोपाठ हरत गेलात तर २४०० आणि २९००. व्हॅन्डल २९०० ची आणि वर शील्ड १००० चं. म्हणजे हरल्यावर खिशात २२०० असताना स्पेक्टर ही स्वस्तातली गन घेऊन बसलात तर पुढच्या राउंडला पण हात रिकामाच. त्यापेक्षा पाचही जणांनी मिळून एक राउंड सेव्ह करा (पैसे वाचवा) आणि पुढच्याला पाचही जणांनी फुल बाय (गन आणि शील्ड दोन्ही) घ्या. दोघांनी घेतलं आणि तिघांनी वाचवलं असं झालं की दोन्ही राउंड जातात. बायच्या वेळेत एकमेकांना विचारायची सवय लावा, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याने मित्राला गन घेऊन द्यावी, गेममध्ये त्याची सोय आहेच.

स्पाइक म्हणजे व्हॅलोरंटमध्ये हल्ला करणारी टीम लावते तो बॉम्ब, तो लावायला ४ सेकंद लागतात, लागल्यावर ४५ सेकंदांनी फुटतो, काढायला ७ सेकंद. अर्धा काढला, म्हणजे साडेतीन सेकंद, की तेवढा जमा राहतो. सीएसमध्ये बॉम्ब ४० सेकंदांचा, काढायला १० आणि किट असेल तर ५, म्हणून तिथे डिफेन्सला ४०० डॉलरचं किट निदान दोघांनी तरी घ्याच. हे आकडे पाठ करा आणि एक समजून घ्या, तुम्ही स्पाइक लावला की घड्याळ तुमच्या बाजूनं आहे, आता शोधायला त्यांनी यायचंय. तरी पोरं किलच्या मागे पळतात आणि जिंकलेला राउंड घालवतात, रोज संध्याकाळी दोन-तीनदा तरी बघतो आम्ही हे.

व्हॅलोरंटमध्ये एजंट, म्हणजे खेळायचं पात्र, कोणता घ्यायचा? सगळ्यांना जेट पाहिजे असते. सुरुवातीला मिळणाऱ्यांमध्ये ब्रिमस्टोन आणि सेज पण आहेत, त्यांच्यापासून करा. ब्रिमस्टोनने मॅप उघडून टीमच्या वाटेवर तीन धूर टाकले की एकही किल नसताना तुम्ही राउंडमध्ये कामाला आलेले असता, आणि स्कोरबोर्डवर सगळ्यात खाली असाल तरी मनाला लावून घेऊ नका.

रविवारी सात तास बसण्यापेक्षा रोज एक तास या, आमचं भाड्याचं नुकसान झालं तरी हेच सांगू. त्या तासात दहा मिनिटं रेंजमध्ये (सरावाची जागा) बॉट, म्हणजे कॉम्प्युटरची माणसं, मारा (फक्त डोक्यात, हळू मारा), एक डेथमॅच (सगळे एकमेकांविरुद्ध), मग मॅच. स्विफ्टप्ले या छोट्या मॅचला ५ राउंड जिंकायचे असतात, पंधरा मिनिटांत होतं. पूर्ण मॅचला १३ राउंड जिंकावे लागतात, ती चाळीस मिनिटं पण जाते, म्हणून वेळ संपायला वीस मिनिटं उरली असताना ती लावू नका, मधेच उठलात तर चौघं उघड्यावर पडतात आणि पेनल्टी तुम्हाला लागते. कॉम्पिटिटिव्हला (रँकवाल्या मॅचला) तसंही अकाउंट लेव्हल २० पाहिजे, तोवर हे सगळं हातात बसतं. दर मॅचनंतर उठून जरा मनगट फिरवा. शाळेच्या वेळेत युनिफॉर्मवर आलात तर पीसी मिळणार नाही, हे आई-वडिलांनी पण वाचून ठेवावं.

घरी खेळणाऱ्यांनी दोनच गोष्टी तपासा. वायफाय सोडून केबल लावा आणि सर्व्हर मुंबईचा ठेवा. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच पडलाय का बघा, कितीतरी जणांचा सापडतो.

कागदाच्या मागच्या बाजूला एसेंटचा मॅप छापलाय, तो रिकामाच आहे. एक आठवडा जिथे जिथे मराल तिथे पेनानं फुली मारा, बाजूला एका शब्दात कारण लिहा, पळताना, एकटा, फरशी, असं काहीही. आठ दिवसांनी काउंटरवर घेऊन या, सकाळी अकरापर्यंत गर्दी नसते, सोबत बसून बघू, त्याचे पैसे नाहीत.